आधी टाळ धर

भजनी मंडळ, पक्षी पाहणाऱ्यांचा गट, दुर्बीण घेऊन माळावर जाणारे आकाशवेडे, टपाल तिकिटे जमवणारे, बुद्धिबळाच्या पटाभोवती गोळा होणारे: छंद कोणताही असो, नवख्याचा पहिला प्रश्न आणि जाणत्यांचे पहिले उत्तर यांचा साचा फारसा बदलत नाही. नवखा अगदी पायाचे काहीतरी विचारतो. जाणत्यांपैकी एकजण हसतो, दुसरा विचारणाऱ्याकडे न बघता शेजाऱ्याशी बोलतो, तिसरा उलट प्रश्न करून परीक्षा घेतो. शेवटी जे सांगितले जाते ते विचारलेल्या गोष्टीबद्दल कमी आणि विचारणाऱ्याच्या लायकीबद्दल जास्त असते.

नांदेड जिल्ह्यातल्या उमरी, मुदखेड, धर्माबाद या पट्ट्यात भजनाचा नाद गावोगाव आहे. एकादशीची रात्र, सप्ताह, काकडा, काहीही निमित्त पुरते. मंडळात पेटीवाला एक, मृदंगाला एक-दोन आणि बाकी सगळे टाळकरी. नव्याने येऊन बसलेला एखादा पोरगा पेटीवाल्या बुवांना विचारतो, ‘बुवा, काळी चार म्हणजे काय?’ त्यावर ऐकू येणारी उत्तरे साधारण ठरलेली आहेत. ‘आधी टाळ तर धर.’ ‘ऐकत जा, आपोआप कळतंय.’ ‘एवढं बी माहीत नाही अन् पेटीला हात लावायलास?’ यांतले पहिले उत्तर सल्ला आहे, दुसरे अर्धे खरे आहे आणि तिसरे सरळ अपमान आहे. अडचण अशी की ऐकणाऱ्या पोराला तिन्ही एकसारखीच ऐकू येतात, आणि सांगणाऱ्यालाही त्यांतला फरक नेहमी कळतोच असे नाही.

प्रश्न किती लहान असतो?

काळी चारचाच प्रश्न पाहू. पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. गाणाऱ्याच्या गळ्याला जी पट्टी मानवेल ती ‘सा’ धरायची आणि बाकीचे स्वर तिथून मोजायचे, अशी आपली रीत. काळी चार म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून गाणे. वहीतून ‘सा रे ग म’ शिकलेला पोरगा सगळे पांढऱ्या एकपासून बडवत आलेला असतो. मंडळात गाणाऱ्याची पट्टी निराळी निघाली की त्याची सगळी बोटे चुकतात. त्याला खरे तर विचारायचे असते की सा एका जागी का राहत नाही. हा प्रश्न लहान नाही. आपल्याकडे स्वरांची नावे जागेला नसून अंतराला आहेत, हे हिंदुस्थानी संगीताचे पायाभूत तत्त्व त्यात दडलेले आहे.

त्याच्या पुढचा प्रश्न तर जाणत्यांनाही जड जातो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. गळ्यातले आणि तंबोऱ्यातले स्वर तसे सारख्या अंतरावर बसत नाहीत. अशा समान भागांच्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका चढा असतो. पेटीला मिंडही काढता येत नाही. याच तक्रारींमुळे १९४० साली आकाशवाणीने पेटी बंद केली आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्याच्या कितीतरी आधी एका हौशी माणसाने हाच प्रश्न हाती घेतला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. गाण्याचा व्यवसाय त्यांचा नव्हता, ते निव्वळ हौशी होते. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थाने, नेमक्या कुठे आहेत, हा प्रश्न घेऊन ते बसले, अब्दुल करीम खाँसाहेबांकडून स्वर लावून घेऊन मोजमाप केले आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. त्यांचे निष्कर्ष पुढे वादात सापडले, पण ‘पेटीतला स्वर बरोबर आहे का?’ हा नवशिक्याचा वाटणारा प्रश्न त्यांनी विचारण्याजोगा मानला, हे खरे.

म्हणजे नवख्याचा प्रश्न अनेकदा बालिश दिसतो, कारण तो पायाशी असतो. पाया बांधून झाला की त्याकडे कोणी बघत नाही.

जाणत्याला ऐकू का येत नाही?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने आपल्या प्रबंधासाठी एक साधा प्रयोग केला. काही जणांना सर्वांच्या माहितीतल्या गाण्यांची यादी दिली. त्यांनी एक गाणे निवडून त्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना आधी विचारले होते, किती जण ओळखतील? त्यांचा अंदाज होता, निम्मे. प्रत्यक्षात १२० वेळा वाजवले त्यांपैकी फक्त ३ वेळा गाणे ओळखले गेले. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, सगळे चालू असते. समोरच्याच्या कानावर नुसती टकटक पडते. वाजवणारे चिडत होते, इतके सोपे कसे कळत नाही म्हणून.

अर्थशास्त्रज्ञांनी याच्या आदल्याच वर्षी अशा अवस्थेला ‘ज्ञानाचा शाप’ अशा अर्थाचे नाव दिले होते. एकदा एखादी गोष्ट कळली की ती न कळलेला माणूस कसा विचार करतो, हे डोळ्यांपुढे आणणे जवळजवळ अशक्य होते. पेटीवाल्या बुवांना काळी चार बोटांनी माहीत आहे. ती त्यांनी कधी शब्दांत मांडलेली नसते, कारण त्यांनाही ती कोणी शब्दांत सांगितली नव्हती. पोराने विचारले की त्यांची क्षणभर पंचाईत होते. येत असलेली गोष्ट सांगता येत नाही हे कबूल करणे अवघड. त्यापेक्षा ‘एवढंही माहीत नाही?’ हे सोपे. तुच्छतेचा बराचसा भाग या पंचाईतीतून येतो, द्वेषातून नाही.

पण सगळा भाग तसा नाही.

छंदात पैसा नसतो. भजनाला बिदागी मिळत नाही, पक्षी ओळखल्याबद्दल पगार मिळत नाही. तिथे कमाई होते ती मानाची. कोणाला किती वर्षे झाली, कोणाकडे किती चाली आहेत, कोणी कोणत्या बुवांच्या मागे बसून गायले, यावर मंडळातली जागा ठरते. जे कष्टाने मिळवले ते दुसऱ्याला एका प्रश्नात मिळाले तर त्या कष्टांचे मोल उतरते, अशी भीती त्यामागे असते. १९५९ साली एलियट ॲरनसन आणि जडसन मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका चर्चागटात मुलींना प्रवेश देताना काहींना अत्यंत अवघडवून टाकणारी परीक्षा द्यायला लावली, काहींना किरकोळ, तर काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना तीच कंटाळवाणी चर्चा ऐकवली. जिने सर्वांत जास्त अवघडलेपण सोसले होते तिला ती चर्चा अधिक रंजक वाटली. सोसलेल्याचे समर्थन मन स्वतःच करते. ज्याला चार वर्षे टाळ कुटल्यावर पेटी मिळाली, तो पुढच्याला चार वर्षे टाळ कुटायला लावतो, आणि त्यात आपण शिस्त लावतो आहोत असेच त्याला मनापासून वाटते.

वकिलाचे प्रश्न आणि उस्तादांची दारे

या सगळ्याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण एका हौशी माणसाचे आहे. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला झाला. शिक्षण कायद्याचे, व्यवसाय वकिलीचे, नाद गाण्याचा. मुंबईत पारशी मंडळींनी स्थापन केलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते जाऊ लागले. तिथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना धृपदे मिळाली. पुढे जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र यांच्याकडून शेकडो चिजा मिळाल्या. पण त्यांना केवळ चिजा नको होत्या. अमुक रागात हा स्वर का लागतो, हा राग आणि तो राग यांत फरक काय, ग्रंथांत लिहिलेले आणि मैफिलीत गायले जाणारे जुळत का नाही, असे प्रश्न त्यांना पडत. आणि हे प्रश्न विचारायला त्यांनी सगळा देश पालथा घातला. १९०४ साली दक्षिणेत मद्रास, तंजावर, मदुरा आणि एट्टयपुरम. १९०७ साली नागपूर, कलकत्ता, हैदराबाद. १९०८ साली प्रयाग, बनारस, लखनौ, जयपूर, उदयपूर. उमरी आणि नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, त्यांना अप्पाशास्त्री तुलसी भेटले. हे संस्कृतचे पंडित पुढे त्यांचे सहकारी झाले आणि त्यांनी भातखंड्यांच्या पद्धतीनुसार रागांवर संस्कृत ग्रंथ रचले.

सगळीकडे असे स्वागत झाले नाही. उस्ताद आणि बुवा यांच्याकडून त्यांना बरेचदा टोलवाटोलवी, मौन किंवा उपहास मिळाला. कारण समजून घेण्याजोगे आहे. घराण्यातली चीज ही त्या काळी मालमत्ता होती. दरबारातली जागा, बिदागी आणि प्रतिष्ठा तिच्यावर उभी असे. मुलीच्या लग्नात चिजा आंदण दिल्याच्या कथा खाँसाहेबांच्या घराण्यांत सांगतात, त्या अगदी निराधार नाहीत. मैफिलीत शब्द मुद्दाम अस्पष्ट म्हणायचे, म्हणजे समोर बसलेल्या तयार कानाच्या गवयाला ते उचलता येऊ नयेत, ही युक्तीही माहीतच होती. गंडा बांधून शिष्य केल्याशिवाय सांगायचे नाही ही प्रथा त्याच अर्थकारणाचा भाग. विचारणाऱ्याला हाकलणे म्हणजे तिजोरीला कुलूप लावणे होते. छंदाच्या मंडळातल्या तोऱ्याला हे कारण लागू पडत नाही. तिथे तिजोरी नाही, तरी कुलूप आहे. घराण्यांची सवय भजनी मंडळाने उचलली, पण तिच्यामागचे पोट तेवढे मागे राहिले.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती भातखंड्यांच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही. भातखंडे नवखे होते, पण नम्र नवखे नव्हते. प्रश्नांची यादी लिहून घेऊन ते जात. त्यांच्या प्रवासाच्या नोंदींत अनेक उस्तादांविषयी शेरे आहेत: याला शास्त्र माहीत नाही, त्याने ग्रंथ वाचलेला नाही. समोरच्याला ज्या भाषेत उत्तर देता येत नव्हते त्या भाषेत ते विचारत होते. चाळीस वर्षे राग गाऊन अंगात मुरवलेल्या माणसाला ‘या रागाचा आधारग्रंथ कोणता?’ असे विचारले तर त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटणारच. म्हणजे तुच्छता दोन्ही बाजूंनी वाहत होती. इतिहासकार जानकी बखले यांनी भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर यांच्यावरील आपल्या पुस्तकात ही बाजू विस्ताराने मांडली आहे. प्रश्न विचारणारा नेहमी दुबळाच असतो हे गृहीतक इथे मोडते. शिकलेला, इंग्रजी येणारा, मुंबईचा वकील आणि न शिकलेला उस्ताद यांच्यात नवखा कोण, हे ज्या बाजूने पाहू त्यावर ठरत होते.

प्रश्नाच्या सुराचा परिणाम तपासलेलाही आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की अवघड कामात सल्ला मागणाऱ्याविषयी, ज्याला सल्ला मागितला त्याचे मत खाली न जाता उंचावते. मागणारा त्याला अधिक हुशार वाटतो. नवख्यांची समजूत नेमकी उलट असते. विचारले तर आपण मूर्ख ठरू, असे ते धरून चालतात. फरक इतकाच की हे त्या माणसाला लागू होते ज्याच्याकडून खरोखर काही मागितले आहे. परीक्षा घेण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाला ही सवलत नाही.

एक चिमणी आणि मामांची चिठ्ठी

भातखंडे बनारस-जयपूरच्या वाऱ्या करत होते त्याच वर्षी, १९०८ च्या सुमारास, मुंबईत एका मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मुलाचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. ही संस्था १८८३ साली हौशी निसर्गप्रेमींनीच स्थापन केलेली. मामांनी चिठ्ठी देऊन मुलाला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मुलगा घाबरतच गेला. तोवर गोऱ्या साहेबाशी समोरासमोर बोलण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मिलार्ड यांनी चिमणी पाहिली, पीतकंठी चिमणी आहे असे सांगितले, मग कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी कशी टिकवायची हे शिकून घेण्याची सोय करून दिली. हा मुलगा म्हणजे सलीम अली. त्यांनी आपल्या आत्मचरित्राचे नावच त्या चिमणीवरून ठेवले.

ही गोष्ट सांगताना मिलार्ड यांच्या चांगुलपणाचे कौतुक होते, ते योग्यच. पण त्यात एक व्यवस्थाही होती, तिच्याकडे दुर्लक्ष होते. मिलार्ड हे त्या संस्थेचे सचिव होते. आणलेला पक्षी ओळखून सांगणे हे त्या पदाचे काम होते. संस्थेकडे कपाटे होती, नमुने होते, विचारणाऱ्याला बसवायला जागा होती. भजनी मंडळात पेटीवाल्या बुवांकडे यांतले काहीच नसते. भजन रंगात आलेले असताना, पुढचा अभंग कोणता याची जुळवाजुळव चालू असताना, त्यांना प्रश्न विचारला जातो. मिलार्डसाहेबही त्या जागी वैतागलेच असते.

दुसरी गोष्ट मामांच्या चिठ्ठीची. ती नसती तर तो मुलगा त्या दारातून आत गेला असता का? तोरा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. ओळखीच्या घरातल्या पोराचा प्रश्न ‘चौकस आहे’ म्हणून घेतला जातो, तोच प्रश्न वस्तीवरच्या पोराने केला तर ‘आगाऊ आहे’ होतो. मुलीने मृदंगाबद्दल विचारले तर प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तिने मृदंग का शिकावा याचीच चर्चा सुरू होते. मराठवाड्याच्या परंपरेत याला एक जुना आणि मोठा अपवाद आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या परिवारात महदाइसा ही वयस्क बाई सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी होती. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात तिच्या विचारण्याची आणि स्वामींनी तिच्या जिज्ञासेचे केलेल्या कौतुकाची नोंद आहे. म्हाइंभटांनी तो ग्रंथ केला तोही विचारून विचारूनच. जिने किंवा ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन.

उमरी तालुक्यातल्या गोरट्याशी जोडलेली एक आठवणही इथे बसते. संतकवी दासगणू महाराज यांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. पोलीस खात्यातली नोकरी सोडून कीर्तनकार झालेल्या दासगणूंनी ईशावास्य उपनिषदावर मराठीत टीका लिहायला घेतली तेव्हा काही जागी अर्थ लागेना. पंडितांना विचारले, समाधान झाले नाही. साईसच्चरित्रात हेमाडपंतांनी दिलेल्या कथेप्रमाणे साईबाबांनी त्यांना सांगितले, ‘पार्ल्याला काकांच्या घरची मोलकरीण तुमची शंका फेडेल.’ लोक हसले. काकासाहेब दीक्षितांच्या घरी भांडी घासणारी पोर फाटक्या लुगड्यात दुसऱ्या कोणाच्या नारिंगी साडीचे गाणे गात होती. तिला नवे लुगडे मिळाले. एक दिवस ती ते नेसून मिरवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटक्यातच तितक्याच आनंदात दिसली. त्यातून दासगणूंना अर्थ उमगला. चमत्कार मानणारे मानोत, न मानणारे न मानोत. ज्ञानाचा क्रम वरून खाली असतो या समजुतीवर एका विद्वान कीर्तनकाराच्या चरित्रातच इतका स्वच्छ आघात असावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘टाळ धर’ यात तथ्य किती?

जाणत्यांची बाजूही ऐकायला हवी. दरवर्षी नवी पोरे येतात आणि दरवर्षी तेच दहा प्रश्न येतात. अकराव्या वर्षी तोच प्रश्न ऐकणाऱ्याला तो त्याच पोराने अकरा वेळा विचारल्यासारखा वाटतो. विचारणारा मात्र पहिल्यांदाच विचारत असतो. शिवाय काही उत्तरे सांगून कळत नाहीत. भजनाचा ठेका अंगात आल्याशिवाय सम कुठे आहे हे वहीत लिहून देऊन काय उपयोग?

जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ही मुले सुरुवात कापड बेतण्यापासून करत नाहीत. आधी गुंड्या, काजे, दुमडपट्टी, मग शिवण, आणि कापणे सगळ्यांत शेवटी. कपडा तयार होण्याचा क्रम उलटा करून शिकण्याचा क्रम ठरवलेला असतो. त्यात दोन फायदे असतात. बिघडले तर नुकसान थोडे होते, आणि पूर्ण झालेला कपडा पहिल्या दिवसापासून हातात असतो. लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ साली या आधारावर शिकण्याचा जो विचार मांडला त्याचे सार असे की नवखा आधी कडेला राहून, पण खऱ्या कामात हात घालून शिकतो. टाळ धरणे नेमके हेच आहे. टाळ चुकला तर भजन मोडत नाही, आणि धरणारा पहिल्या रात्रीपासून भजनात असतो. ‘आधी टाळ धर’ हा मराठी मंडळांनी शेकडो वर्षांत कमावलेला अभ्यासक्रम आहे.

बिघाड होतो तो दोन ठिकाणी. एक, टाळ धरायला सांगतात पण पुढची पायरी कधी, हे कोणी सांगत नाही. लायबेरियातल्या पोराला माहीत असते की गुंड्यांनंतर शिवण येणार आहे. मंडळातल्या पोराला हे माहीत नसते, आणि काही मंडळांत ती पायरी येतही नाही. दुसरे, टाळ धरणे आणि तोंड बंद ठेवणे यांची गाठ मारली जाते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे तीन मार्ग एकत्र सांगितले आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपल्याकडच्या अनेक गुरुकुलांनी पहिला आणि तिसरा मोठ्या भक्तीने जपला. मधला गळाला तरी कोणाला फारसे चुकल्यासारखे वाटले नाही.

उत्तरांची सोय

जिथे हा प्रश्न सुटला तिथे तो स्वभावाने क्वचित सुटला. बहुधा सोयीने सुटला. विचारण्यासाठी जागा, वेळ आणि माणूस नेमला, किंवा नेहमीची उत्तरे एकदाच लिहून ठेवली, की जाणत्याचा वैताग उतरतो आणि नवख्याची भीती चेपते.

लिहून ठेवण्याचा उत्तम नमुना सलीम अलींचाच. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात प्रत्येक पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा सर्वांच्या ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने दिला आहे. शिवाय ठळक रंग, शेपटी, चोच यांवरून पक्षी शोधता येतील अशा याद्या आहेत. पक्षीशास्त्रज्ञ कुळावरून सुरुवात करतो. नवखा ‘बुलबुलाएवढा होता, शेपटी लांब होती’ असे सांगतो. पुस्तकाने नवख्याच्या भाषेत प्रश्न स्वीकारला. चिमणी घेऊन गेलेल्या मुलाला तो प्रश्न कसा विचारला जातो हे आठवत होते, असे म्हणायला हरकत नाही. याच सलीम अलींनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा संस्थानाच्या पक्ष्यांची पद्धतशीर यादी पहिल्यांदा तयार झाली.

संगीतात हे काम दोन विष्णूंनी केले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी भरून, वर्गात बसून, स्वरलिपीच्या पुस्तकावरून गाणे शिकता येते ही तेव्हा धक्कादायक कल्पना होती. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून पुढच्या परीक्षा आज राज्यभरातल्या तालुक्यांतली मुले देतात. काळी चार म्हणजे काय, हे त्यामुळे पुस्तकातून कळू शकते. मात्र या व्यवस्थेत प्रश्नाची दिशा फिरली. परीक्षेत परीक्षक विचारतो आणि विद्यार्थी सांगतो. विद्यार्थ्याने विचारायचे असे तिथे काही उरत नाही. रागाची ‘माहिती’ पाठ असलेली आणि सम चुकणारी मुले हा या व्यवस्थेचाच माल.

दुसऱ्या विष्णूने, भातखंड्यांनी, वेगळा मार्ग धरला. १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथाची सगळी मांडणी गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. शिष्य विचारतो, शंका घेतो, आधीच्या उत्तरावर अडतो, पुन्हा विचारतो. गुरू दर वेळी सविस्तर उत्तर देतो. ज्या माणसाला स्वतःच्या प्रश्नांना देशभर नकार पचवावे लागले, त्याने हजारो पाने अशा संवादाने भरावी, यात काही नवल नाही. ग्रंथातला शिष्य मात्र सोयीस्कर आहे. तो योग्य क्रमानेच विचारतो, भजन रंगात असताना मध्येच बोलत नाही आणि कंटाळतही नाही. गुरूलाही दुसरे काम नाही. पुढे रागांच्या परीक्षा देणाऱ्यांनी या ग्रंथातली उत्तरे वेचून वह्यांत उतरवली आणि प्रश्न गाळले. टिपणवह्यांच्या आवृत्त्यांमधून गुरू बोलत राहिला, शिष्य नाहीसा झाला.